सुट्टीला भारतात येऊन दात सुंदर करून घ्यायचेत? आधी दिवसांचं गणित मांडा

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतल्या दातांच्या दवाखान्यांत परदेशातून आलेल्यांची गर्दी सुरू होते. न्यू जर्सी, लंडन, दुबई, मेलबर्न. घरात लग्न असतं, तीन आठवड्यांची रजा असते आणि करायच्या कामांच्या यादीत आई-बाबांची तपासणी, बँकेचं केवायसी, कपड्यांची खरेदी यांच्याखाली एक ओळ असते: दात. कुणाला पुढच्या दातांमधली फट बुजवायची असते, कुणाला पिवळटपणा घालवायचा असतो, तर कुणाला पुढचे सगळे दात एकसारखे करून हवे असतात. मी पुण्यात कॅप (पूर्ण दातावर बसवायचं आवरण), व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पापुद्रा) आणि इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात) यांचं काम करते. हा लेख अशा येणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्यासाठी इथे दवाखाना शोधत बसणाऱ्या त्यांच्या भावाबहिणींसाठीही.

दातांसाठी देश ओलांडणं ही काही फक्त आपलीच गोष्ट नाही. ऑस्ट्रियाचे लोक सीमेला लागून असलेल्या हंगेरीतल्या शोप्रोन आणि मोशोनमाग्यारोवार या गावांत कित्येक वर्षांपासून जातात. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधून लोक चालत सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातात; दंतवैद्यांचे इतके दवाखाने तिथे आहेत की गावाचं टोपणनावच ‘मोलर सिटी’, म्हणजे दाढांचं गाव, पडलं. ब्रिटिश मंडळी इस्तंबूल आणि अंतालिया गाठतात. सगळीकडे कारण एकच, दरांतली तफावत. आपल्याकडे येणाऱ्यांना एक जादा सोय असते: राहायला घर असतं, भाषा आपली असते आणि तिकीट तसंही काढलेलंच असतं.

दरांतला फरक खरा आहे. अमेरिकेत पोर्सिलेनच्या एका व्हिनियरला साधारण हजार ते अडीच हजार डॉलर पडतात. पुण्या-मुंबईत चांगल्या लॅबचं तेच काम साधारण दहा ते पंचवीस हजार रुपयांत होतं. तरीही तुमचा निर्णय पैशांवर ठरू नये असं मी मनापासून सांगते. तो दिवसांवर ठरावा. हिरडी बरी व्हायला, हाड भरून यायला, लॅबमध्ये काम घडायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. जे काम तुमच्या रजेत नीट बसतं तेवढंच करा. बाकीचं पुढच्या फेरीला, नाहीतर तुमच्या राहत्या गावी.

पहिली पायरी: नेमकं काय खुपतंय ते ठरवा

‘स्माइल चांगली करायची आहे’ एवढ्यावर दवाखान्यात जाऊ नका. घरी दिवसाउजेडी आरशासमोर उभे राहा आणि एका वाक्यात लिहा: रंग आवडत नाही, फट आहे, एक दात पुढे आहे, कडा झिजल्या आहेत, हसताना हिरडी जास्त दिसते. प्रत्येक तक्रारीचा उपाय वेगळा आहे, आणि सगळ्यांवर एकच उपाय सुचवणाऱ्यापासून दूर राहिलेलं बरं.

उपायांची एक चढती शिडी असते. सगळ्यात खालच्या पायरीवर दात साफ करून घेणं आणि ब्लीचिंग, म्हणजे जेल लावून दात उजळवणं. चहाचे, तंबाखूचे, मिश्रीचे डाग पुष्कळदा नुसत्या साफसफाईने जातात. दाताचा मूळ रंगच पिवळट असेल तर ब्लीचिंग. पांढरे-तपकिरी चट्टे असतील तर ते फ्लोरोसिसचे असू शकतात. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे लहानपण गेलेल्यांच्या दातांवर ते कायमचं उमटतं. असे चट्टे सौम्य असतील तर वरचा अगदी पातळ थर हलकेच घासून किंवा चट्ट्यात पातळ रेझिन मुरवून एका-दोन बैठकांत बरेच फिके करता येतात. त्यासाठी आठ दात तासायची गरज नसते.

त्याच्या वरची पायरी कंपोझिट बाँडिंगची. दाताच्या रंगाचं मटेरियल थेट दातावर चढवून आकार द्यायचा. फट बुजवायला, तुटलेला कोपरा भरायला हे उत्तम. दात जवळजवळ तासावा लागत नाही, काम बहुतेकदा एका बैठकीत होतं, आणि पुढे टवका उडाला तर जगातला कुठलाही दंतवैद्य ते दुरुस्त करू शकतो. परदेशात राहणाऱ्यासाठी हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. उणी बाजू अशी की पाच-सात वर्षांत रंग उतरतो, आणि हळद-चहाचे डाग पोर्सिलेनपेक्षा लवकर धरतात. तरीही पहिल्यांदा काम करून घेणाऱ्या तरुण माणसाला मी आधी याचाच विचार करायला सांगते.

मग व्हिनियर: दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. त्यासाठी दात बहुधा तेवढाच तासावा लागतो. पुढच्या दातावरचं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, मुळात जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं, हिरडीजवळ त्याहून कमी. व्हिनियर इनॅमलला घट्ट धरतो, त्याच्या आतल्या डेंटिन या थराला तितका नाही. म्हणून तासणं जितकं कमी तितकं काम टिकतं. चांगलं काम दहा-पंधरा वर्षं चालतं. म्हणजे तिशीत केलेलं काम सत्तरीपर्यंत दोन-तीन वेळा बदलावं लागेल, हा खर्च आणि त्रासही आजच हिशोबात धरा.

सगळ्यात वर कॅप. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासून खुंटासारखा करतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या कामांसाठी पुढच्या दातांचा किती भाग जातो हे वजनाने मोजलं होतं: व्हिनियरला सुमारे तीन ते तीस टक्के, आणि पूर्ण कॅपला तब्बल त्रेसष्ट ते बहात्तर टक्के. रूट कॅनल झालेल्या, मोडलेल्या, मोठं फिलिंग असलेल्या दाताला कॅप हाच योग्य उपाय आहे. धडधाकट दातांवर केवळ पांढरेपणासाठी कॅप बसवणं मात्र मला पटत नाही. काही दातांची नस पुढे मरते, मग रूट कॅनल, मग दात काढणं, मग इम्प्लांट. ‘टर्की टीथ’ हा शब्द ब्रिटनमध्ये रूढ झाला तो याच कारणाने: व्हिनियर म्हणून गेलेली तरुण मुलं वीस-वीस कॅप बसवून आली. हे तुर्कस्तानातच होतं असं समजू नका. घाई आणि पॅकेज जिथे एकत्र येतात तिथे कुठेही होतं, आपल्याकडेही.

इनॅमल पुन्हा तयार होत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. म्हणून दवाखान्यात विचारायचा पहिला प्रश्न हा: ‘माझा दात किती तासणार, आणि न तासता काय होऊ शकतं?’

दुसरी पायरी: रजा आणि उपचार यांची जुळणी

आठवडाभरासाठी येत असाल तर दात साफ करणं, बाँडिंग, चट्ट्यांवरचे उपाय, जुनी काळी पडलेली फिलिंग बदलणं, एवढंच. व्हिनियर एका आठवड्यात करून देतो म्हणणारे भेटतील. जमतंही, पण मग नव्या आकाराची ट्रायल बघायला, चूक निस्तरायला एकही दिवस हातात उरत नाही.

व्हिनियर किंवा कॅपसाठी किमान तीन आठवडे ठेवा. पुढे दिवसवार मांडणी दिली आहे.

इम्प्लांटसाठी दोन फेऱ्या धरा. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवल्यावर हाड त्याला घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं. स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांनी हाडाचं हे वागणं ओळखलं आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. तेव्हापासून तंत्र खूप सुधारलं, तरी हाडाला आपला वेळ द्यावाच लागतो. ‘त्याच दिवशी दात’ हा प्रकार खोटा नाही, पण त्या दिवशी मिळतो तो बहुधा तात्पुरता दात असतो आणि तो प्रत्येकाच्या हाडाला चालतोही असं नाही. या दिवाळीत स्क्रू आणि मे महिन्यात दात, अशी आखणी केलीत तर सोपं जातं.

दात सरळ करायचे असतील तर ते काम तुम्ही राहता तिथेच करा. तारा असोत वा अलाइनर (दातांवर घालायचे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे), हे महिन्यांचं काम आहे आणि अधूनमधून डॉक्टरने तोंडात बघावंच लागतं. घरबसल्या अलाइनर पाठवणारी अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा उपचार अर्धवट असलेली माणसं अधांतरी राहिली. वेडेवाकडे दात व्हिनियरने ‘झटपट सरळ’ करता येतात हे खरं, पण त्यासाठी पुढे आलेला निरोगी दात भरपूर तासावा लागतो. वर्षभर अलाइनर घालून मग लागलंच तर थोडं बाँडिंग, हा मार्ग लांबचा आहे आणि मी माझ्या घरच्यांना तोच सुचवते.

कधी यावं, हेही बघा. डिसेंबर-जानेवारीत अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं आणि लॅबवरही ताण असतो. दिवाळीच्या आणि गणपतीच्या दिवसांत लॅबमधले कारागीर गावी जातात; त्या आठवड्यात तुमची कॅप तयार होऊन येईल हे गृहीत धरू नका. जून ते ऑगस्ट हा काळ तुलनेने निवांत असतो. पाऊस असतो, पण दातांच्या खुर्चीला त्याचं काय!

तिसरी पायरी: निघण्याआधीचे तीन महिने

निम्मं यश इथे ठरतं, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

तुमच्या राहत्या गावी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्या. कीड असेल तर ती तिथेच भरून घ्या. हिरड्यांतून रक्त येत असेल तर साफसफाई करून घ्या, कारण सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीजवळ ना माप नीट घेता येतं ना व्हिनियर नीट चिकटतो, आणि सूज उतरली की हिरडीची कडच थोडी वर सरकते. मग व्हिनियरची कड उघडी पडते. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, आणि जुने एक्स-रे मागून घ्या.

ब्लीचिंग करायचं असेल तर ते येण्याआधी तिथेच उरका. दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल आणि तुमच्या दातांच्या मापाचा ट्रे, रात्री घालायचा, दोन-तीन आठवडे. ही जुनी, संथ आणि भरवशाची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये कायद्याने हे काम नोंदणीकृत दंतवैद्यकीय व्यावसायिकांनीच करायचं असतं, ब्यूटी पार्लरने नाही. आधी करण्याचं कारण असं की ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे रंग स्थिरावत असतो आणि त्या काळात बाँडिंग किंवा व्हिनियर दाताला कमी धरतो. शिवाय जेलने कॅप, व्हिनियर आणि फिलिंगचा रंग बदलत नाही. म्हणजे आधी दात उजळवायचे, मग त्या रंगाला जुळणारं काम करायचं. क्रम उलटा झाला तर सगळं फसतं.

मग इथल्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोला. फोटो चार पुरतात: ओठ मिटून, हसून, गाल बाजूला ओढून दात एकावर एक ठेवून, आणि एका बाजूने. सोबत तब्येतीची खरी माहिती द्या. मधुमेह असेल तर ताजं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची तपासणी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर तेही आवर्जून सांगा. त्या औषधांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांट घालताना जबड्याचं हाड बरं व्हायला अडचण येऊ शकते. पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण, रात्री दात खाण्याची सवय, सिगारेट, सगळं. इथे लपवण्यासारखं काही नसतं, आणि लपवलं तर नुकसान तुमचंच होतं.

नुसता एक सेल्फी पाहून ‘तुम्हाला सोळा व्हिनियर लागतील, एवढे पैसे’ असं सांगणाऱ्या दवाखान्याला नम्रपणे नाही म्हणा. एक्स-रे आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय आकडा सांगता येत नाही. अंदाज सांगता येतो, आणि चांगला डॉक्टर तो अंदाज म्हणूनच सांगतो.

ओसीआय कार्ड किंवा भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचा प्रश्न येत नाही. परदेशी पासपोर्ट असलेला जोडीदार उपचारासाठीच येत असेल तर ई-मेडिकल व्हिसा आहे. त्याच्या अर्जासाठी इथल्या रुग्णालयाचं पत्र लागतं. अटी बदलत राहतात, त्या सरकारी संकेतस्थळावरच तपासा.

चौथी पायरी: डॉक्टर निवडताना

‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतो. भारतात दंतवैद्यकाच्या ज्या विशेष शाखा मान्य आहेत त्यांत कॉस्मेटिक डेंटिस्ट्री नाही आणि इम्प्लांटॉलॉजीही नाही. व्हिनियर, कॅप, इम्प्लांटवरचे दात यांचं खास शिक्षण प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्यांचं असतं, बाँडिंग, रूट कॅनल आणि दाताच्या रंगाची कामं हा कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्सचा प्रांत, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, दात सरळ करायला ऑर्थोडॉन्टिस्ट. उत्तम हात असलेले बीडीएस डॉक्टरही पुष्कळ आहेत, पण त्यांनी अशी किती कामं केली ते पाहा. डॉक्टरची राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका.

त्यांनी स्वतः केलेल्या कामांचे फोटो मागा, आणि त्यांत चार-पाच वर्षांपूर्वीची कामं आजही कशी आहेत ते दाखवा म्हणा. काम झाल्या दिवशीचा फोटो सगळ्यांचाच छान येतो. हिरडीची कड पाहा: गुलाबी, शांत दिसली पाहिजे, लालसर सुजलेली नको. निर्जंतुकीकरणाची व्यवस्था बघायला मागा. हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, बंद पाकिटात येतात, पाकिटावरची खूण उष्णतेने रंग बदलते, आणि पाकीट तुमच्यासमोर फाडायला हवं. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन असेल तर चांगलंच, पण नसलेले उत्तम दवाखानेही गल्लोगल्ली आहेत.

मनात शंका राहिली तर मुंबईचं किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय अशा ठिकाणी दुसरं मत घेता येतं. रांगेत बसावं लागतं. पण तिथे कुणी तुम्हाला काही विकत नसतं.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक लेखी घ्या

समजा, पंधरा हजारांचे आठ व्हिनियर: एक लाख वीस हजार. यात स्कॅन, ट्रायल, तात्पुरते व्हिनियर धरले आहेत का? रात्री दात खाल्ले जाऊ नयेत म्हणून घालायचा गार्ड? मध्येच एखाद्या दाताचं रूट कॅनल निघालं तर त्याचे वेगळे किती? निव्वळ सौंदर्यासाठीच्या कामावर जीएसटी लागू शकतो; तो धरला आहे की वर लागेल? आणि काम बिघडलं तर दुरुस्ती फुकट म्हणजे नक्की काय फुकट: नवं व्हिनियर, की नुसतं तपासणं? पुन्हा यायचं तिकीट तर तुमचंच असणार. ते धरूनही परवडतं का, असा हिशोब करा.

सगळे पैसे आधी देऊ नका. मापाच्या वेळी काही, चिकटवण्याच्या आधी काही, शेवटच्या तपासणीनंतर उरलेले, अशी विभागणी बहुतेक दवाखाने मान्य करतात. मटेरियलचं नाव बिलावर हवं: लिथियम डायसिलिकेट की झिरकोनिया (हे सिरॅमिकचे दोन प्रकार), आणि कुठल्या कंपनीचं. प्रवास विम्यात ठरवून केलेले उपचार बहुधा येत नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

सहावी पायरी: आल्यावरचे तीन आठवडे

पहिले दोन-तीन दिवस झोप भरून काढा. जेट लॅगमध्ये तोंड उघडून तासभर बसणं कठीण जातं आणि निर्णयही धड होत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासणी, साफसफाई, स्कॅन, फोटो. दाताचा रंग याच बैठकीत, अगदी सुरुवातीला ठरवून घ्या. दात थोडा वेळ कोरडा राहिला की मूळ रंगापेक्षा पांढरट दिसतो, म्हणून कामाच्या शेवटी घेतलेला रंग हमखास चुकतो. रंग खिडकीजवळच्या उजेडात पाहा, खुर्चीवरच्या दिव्याखाली नको. व्हिटा कंपनीच्या, दातांचा रंग जुळवायच्या रंगपट्टीत ए१ ते डी४ असे सोळा रंग असतात, आणि त्यांहूनही पांढरे ब्लीच शेड वेगळे मिळतात. बहुतेकजण सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवतात. माझा सल्ला: डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे नकोत. वरचे सहा दात चुन्यासारखे आणि खालचे मूळ रंगाचे, हे बोलताना लगेच दिसतं.

सातव्या दिवसाच्या आसपास ट्रायल. दात न तासता त्यांच्यावर तात्पुरत्या मटेरियलने नवा आकार चढवून दाखवतात. ही बैठक कुठल्याही परिस्थितीत वगळू देऊ नका. मिळाली तर ती ट्रायल घालून घरी जा, आईशी गप्पा मारा, फोटो काढा. आणि बोलून बघा. ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागते, दात लांब झाले तर ती आत घुसते. ‘स’ म्हणताना शिट्टी येते का? चमचा, जहाज, झाड हे शब्द म्हणा. आपले हे च, ज, झ जीभ दातांच्या मागे टेकून निघतात आणि दाताची मागची बाजू जाड झाली तर लगेच बोबडे होतात. इंग्रजीत सगळं ठीक वाटून मराठीत अडखळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. इथे आकार आवडला नाही तर तसं सांगा, बदलून घ्या; दात अजून शाबूत आहेत, नाही म्हणायचीही मुभा आहे.

आठव्या-नवव्या दिवशी तासणं, माप आणि तात्पुरते व्हिनियर. मग लॅबला आठवडा-दहा दिवस. या काळात चिक्की, भाजलेलं कणीस, ऊस, हाडं चघळणं बंद. तात्पुरतं निघालं तर घाबरू नका, दवाखान्यात फोन करा. गावाला जायचं असेल तर याच मधल्या दिवसांत जाऊन या.

सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास चिकटवणं. चिकटवण्याआधी व्हिनियर नुसतं ठेवून आरसा मागा, उजेडात बघा, सोबत घरचं कुणीतरी असू द्या. एकदा चिकटलं की काढायचं म्हणजे फोडायचंच. आवडलं नसेल तर ते परत लॅबला पाठवा, लाजू नका. त्यानंतर परतीच्या विमानाआधी किमान चार-पाच दिवस ठेवा, कारण भूल असताना दात नेमके कसे मिटतात ते कळत नाही. दोन दिवस जेवल्यावर कुठला दात आधी लागतो ते समजतं आणि रंगीत कागद लावून तो उंचवटा काढता येतो. हा उंचवटा राहिला तर दुखणं, तडा, डोकेदुखी सुरू होते, आणि तेव्हा तुम्ही आठ हजार किलोमीटरवर असता. घरातलं लग्न याच आठवड्यात असेल तर चिकटवणं लग्नाच्या चार दिवस आधी ठेवा, आदल्या दिवशी नको.

सातवी पायरी: विमान आणि औषधं

अर्धवट रूट कॅनल, खोल कीड किंवा दाबलेला पू असलेला दात विमानातल्या हवेच्या दाबामुळे भयंकर ठणकू शकतो. असं काही उरकल्याशिवाय निघू नका. दात काढला असेल तर तीन-चार दिवस थांबा. जखमेतली गुठळी निघून हाड उघडं पडण्याचा त्रास साधारण याच दिवसांत सुरू होतो आणि सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त होतो. वरच्या मागच्या इम्प्लांटसाठी सायनसजवळ हाड भरलं असेल तर दोन आठवडे विमान टाळा, नाक जोरात शिंकरू नका, आणि परवानगी सर्जनकडूनच घ्या.

दुबई-अबुधाबीला परतणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी सहज लिहून दिली जाते. डॉक्टरला आधीच सांगा, साधी गोळी लिहून घ्या, आणि प्रिस्क्रिप्शनची छापील प्रत जवळ ठेवा.

आठवी पायरी: रिकाम्या हाताने परतू नका

निघताना एका पेन ड्राइव्हमध्ये हे सगळं हवं: आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, सीटी काढला असेल तर त्याच्या मूळ डायकॉम फाइल (मोबाइलवरचा फोटो चालत नाही), दातांचं थ्रीडी स्कॅन, कुठल्या दातावर काय केलं याची यादी, पोर्सिलेनचा प्रकार आणि रंगाचा क्रमांक, चिकटवलेल्या सिमेंटचं नाव. इम्प्लांट असेल तर त्याच्या डबीवरचा स्टिकर: कंपनी, व्यास, लांबी, लॉट क्रमांक. स्वित्झर्लंडची स्ट्रॉमन असो, नोबेल बायोकेअर असो की कोरियाची ऑस्टेम, प्रत्येकाचे स्क्रू आणि पेचकस वेगळे. स्टिकर नसेल तर तिकडचा डॉक्टर सैल झालेला साधा स्क्रूही घट्ट करू शकत नाही. हा एवढासा कागद पासपोर्टसोबत ठेवा.

बिलं जपा. भारतात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. पण परदेशात बसून हे चालवणं दमवणारं असतं, म्हणून आधी डॉक्टरशी लेखी, फोटोंसह बोला. बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात.

परतल्यावर

महिन्याभरात तिथल्या दंतवैद्याला जाऊन दाखवा, काही दुखत नसलं तरी. काही दंतवैद्य दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नाखूश असतात. कागद पूर्ण असतील तर ते बरेच सैलावतात. रात्रीचा गार्ड दिला असेल तर रोज घाला. दातांच्या मध्ये धागा फिरवा, कारण व्हिनियरला कीड लागत नसली तरी त्याच्या कडेच्या दाताला लागते.

थंड लागणं दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला हवं. उलट ते वाढत असेल, गरम लागून मिनिटभर ठणका राहत असेल किंवा रात्री जाग येत असेल तर नस दुखावली आहे. पुढच्या भारतवारीची वाट न पाहता तिथेच दाखवा. आणि व्हिनियर किंवा कॅप निघून हातात आली तर फेविक्विक लावू नका. ती पाण्याने धुऊन एका छोट्या डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका, आणि एक-दोन दिवसांत जवळच्या दंतवैद्याकडे जा. जाताना डबीसोबत सिमेंटचं नाव लिहिलेला तो कागदही न्या.